पट्टा मिळाला, आता शीव चाला

सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावातून प्रश्न आला आहे. विचारणारे तिथल्या वनहक्क समितीचे सचिव आहेत, वय तिशीच्या आत. ते लिहितात: ‘ब्राझीलमध्ये आदिवासींना जमिनीचा हक्क मिळाला, तिथलं जंगल टिकलं, असं वाचलं. आमच्या गावाला दीड वर्षापूर्वी ४०० हेक्टरचा सामूहिक वनहक्क मिळाला. वाजतगाजत पट्टा आणला. पण जंगल होतं तसंच तुटतंय, बांबू रात्रीचा जातोय, आणि लोक म्हणतात, कागद आणून काय फायदा झाला? आमचं गाव गोंड, माना, कुणबी, ढिवर असं मिश्र आहे. आमचं चुकतंय कुठे?’

भाऊ, मी २० वर्षांहून जास्त काळ चंद्रपूर-गडचिरोलीतल्या ग्रामसभांसोबत हे काम करते आहे. दावे भरले, मोजणीला चालले, हिशेबाला बसले. पट्टा मिळाल्यानंतरच्या दोन वर्षांत जवळजवळ प्रत्येक गावातून मला हीच तक्रार ऐकू आली. तेव्हा तुमच्याच गावाचं काही विशेष चुकलं असं समजू नका.

आधी ब्राझीलचं बघू. १९८८ च्या राज्यघटनेत तिथल्या मूळ रहिवाशांचा त्यांच्या परंपरागत जमिनीवरचा हक्क मान्य झाला. जमीन मालकीने संघराज्याचीच राहिली. कायमचा ताबा आणि उपभोग मात्र त्या लोकांचा. म्हणजे आपल्यासारखंच. तुमच्या ४०० हेक्टरचा सातबारा काही गावाच्या नावावर झालेला नाही, जंगल कागदोपत्री वनच आहे. पण ते राखायचं, वाढवायचं, वापरायचं कसं हे ठरवण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(झ) ने, म्हणजे इंग्रजी प्रतीत जे ‘आय’ अक्षराचं उपकलम आहे त्याने, ग्रामसभेला दिला आहे. उपग्रहाच्या चित्रांत अ‍ॅमेझॉनमधले हे आदिवासी प्रदेश भोवतालच्या उजाड पट्ट्यांमधून हिरवे उठून दिसतात, हे खरं आहे. पण त्याच ब्राझीलमध्ये यानोमामी लोकांच्या प्रदेशाला १९९२ मध्ये मान्यता मिळाली, आणि तरीही सोनं काढणारे हजारो घुसखोर तिथे शिरले, नद्यांत पारा मिसळला, आणि २०२३ मध्ये सरकारला तिथे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. हद्द आखून दिली, पण ती राखायला मागे कोणी उभं राहिलं नाही की काय होतं, ते तिथे दिसलं.

तुमच्या मिश्र गावासाठी मला त्याच देशातलं आणखी एक उदाहरण जास्त जवळचं वाटतं. शिको मेंडिस हा रबराच्या झाडांचा चीक गोळा करणारा कामगार होता. तो आणि त्याचे साथी मूळ आदिवासी नव्हते, पण पिढ्यान् पिढ्या जंगलावर जगत होते. झाडं न तोडता जंगल वापरण्याचा हक्क आम्हाला द्या, ही त्यांची मागणी. २२ डिसेंबर १९८८ रोजी त्याचा खून झाला आणि १९९० मध्ये त्याच्या नावाचं राखीव क्षेत्र तिथल्या लोकांच्या वापरासाठी जाहीर झालं. आपल्या कायद्यात ‘इतर पारंपरिक वननिवासी’ हा शब्द आहे तो अशाच लोकांसाठी. तुमच्याकडचे ढिवर आणि कुणबी पट्ट्याचे पाहुणे नाहीत, हक्कदार आहेत. ही गोष्ट ग्रामसभेत एकदा मोठ्याने वाचून दाखवा, कारण ‘हे आदिवासींचं काम आहे’ असं म्हणून अर्धं गाव घरी बसलं की बांबू रात्रीचा जाणारच.

आता तुमच्याकडे येते. पहिल्यांदा पट्टा बाहेर काढा आणि पुन्हा वाचा. तो ग्रामसभेच्या नावाने आहे की ग्रामपंचायतीच्या, की संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या? ग्रामसभेच्याच नावाने पाहिजे. कक्ष क्रमांक आणि क्षेत्र बरोबर आहे का? नकाशा जोडला आहे का? आणि खाली काही अटी छापल्या आहेत का? मी असे पट्टे पाहिलेत ज्यांत ‘वनविभागाच्या कार्य आयोजनेच्या अधीन राहून’ अशा ओळी घातल्या होत्या. कायद्यात अशी अट नाही. असेल तर ग्रामसभेचा ठराव घेऊन जिल्हास्तरीय समितीकडे दुरुस्ती मागा, आणि अर्जाची पोच घ्या. हे काम एका आठवड्याचं आहे, त्यात जास्त वेळ घालवू नका. खरं काम जंगलात आहे.

शीव चालली का तुम्ही?

दावा भरताना चालले असाल, चार-पाच जण, मोबाइलवर बिंदू घेत. मी त्याबद्दल विचारत नाही. गावातले म्हातारे, बाया, गुराखी, आणि शेजारच्या गावाचे लोक सोबत घेऊन, पट्टा मिळाल्यावर चालले का? बहुतेक गावांत हेच राहून जातं. मग ४०० हेक्टर कुठून कुठपर्यंत हे पाचच माणसांना माहीत असतं, आणि ज्याला हद्द माहीत नाही तो तिची राखण काय करणार?

नागभीड तालुक्यातल्या एका गावाबरोबर मी पौषात शीव चालले होते. सकाळी धुकं होतं, चाळीसेक माणसं, शिदोरी बांधून. वनविभागाच्या नकाशाप्रमाणे हद्द एका नाल्यावरून जात होती आणि नाल्याच्या वरच्या अंगाला दगडांचा मुनाराही होता, चुना उडालेला, अर्धा ढासळलेला. आमच्यातले सगळ्यात वयस्क आजोबा मात्र तिथे थांबेचनात. काठी टेकत आणखी दोनेकशे पावलं पुढे गेले आणि एका जुन्या मोहाखाली उभे राहिले. बुंध्याशी शेंदूर लावलेला वाघोबा होता, कडेला मातीचे दोन घोडे, एकाचा पाय मोडलेला. म्हणाले, ‘नकाशात काय हाये ते तुमी पाहा. आमच्या आज्यानं वाघोबा इथं मांडला, म्हनजे शीव इथंच.’ तेवढ्यात पलीकडच्या गावाचे लोक आले होते, त्यांच्यातली एक बाई पुढे होऊन म्हणाली की लग्नाच्या मांडवाचा बांबू आमचं गाव याच नाल्यातून नेतं, माझ्या सासूच्या मांडवाचाही इथूनच नेला होता.

मला वाटलं, आता भांडण पेटतं. पण तिथेच झाडाखाली दोन्ही गावं बसली. नकाशावरची हद्द नाल्याची आहे ती तशीच ठेवायची. वाघोबाची पूजा दोघांची. नाल्याच्या दोन्ही काठांचा बांबू मांडवासाठी आणि घरासाठी दोन्ही गावांनी न्यायचा, विक्रीसाठी कोणीच तोडायचा नाही. हा मजकूर दोन्ही ग्रामसभांच्या ठराव-वहीत एकाच दिवशी लिहिला गेला आणि एकमेकांच्या वहीवर सह्या-अंगठे झाले. त्या नाल्यातली चोरी त्यानंतर थांबली, कारण आता दोन गावांचे डोळे तिच्यावर होते. त्याआधी दोन्ही गावं ‘ते नेतात मग आम्ही का सोडू’ म्हणून तोडत होती.

तुमच्याकडे रात्रीचा बांबू कोण नेतं हे मला माहीत नाही. पण शेजारच्या गावाशी असा करार नसेल, तर सुरुवात तिथून करा. तुमच्या हक्काने त्यांचा जुना वापर बंद होतोय अशी त्यांची समजूत असेल, तर ते तुमचं जंगल आपलं मानणार नाहीत. निस्तार हा आपल्या भागातला जुना शब्द आहे, मध्य प्रांतापासूनचा. तुमच्या आणि त्यांच्या गावाचं निस्तार पत्रक तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा. कोणत्या गावाने कोणत्या रानातून जळतण, गवत, बांबू, काट्या घ्यायच्या हे त्यात लिहिलेलं असतं. दावा भरताना तुम्ही ते पुरावा म्हणून जोडलं असेल, आता ते बोलणीसाठी कामाला येईल.

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे. गावाबाहेरचे चोर सोडा, गावातलं कोण तोडतं? बहुतेक गावांत याचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं. मोळी विकणाऱ्या बाया. ज्यांच्याकडे धानाची एकही बांदी नाही, नवरा कामाला बाहेर किंवा दारूत, त्या पहाटे जंगलात जातात आणि मोळी डोक्यावर घेऊन तालुक्याच्या हॉटेलांत विकतात. पट्टा मिळाला की उत्साही तरुण मंडळी पहिली बंदी त्यांच्यावरच घालतात, कारण त्यांना अडवणं सोपं असतं. ट्रॅक्टरवाल्याला अडवणं कठीण असतं. भाऊ, असं झालं असेल तर ते आधी मागे घ्या. माझ्या पाहण्यात एका गावाने मोळीवर ५०० रुपये दंड लावला. सहा महिन्यांत ग्रामसभेला बाया यायच्या बंद झाल्या, आणि त्यांच्याच डोळ्यांसमोरून बांबूच्या गाड्या गेल्या तेव्हा त्यांनी कोणाला सांगितलं नाही. का सांगतील?

आधी त्यांच्यासोबत बसा. बांबू निष्कासनाच्या कामात पहिला नंबर त्यांचा, मोजणीची मुकादमी त्यांच्याकडे, वाळलेलं लाकूड आणायचे वार ठरवून द्या. ग्रामसभा रात्री जेवणं झाल्यावर ठेवत असाल तर बंद करा, त्या वेळेला बाया भांडी घासत असतात. रोवणी आणि कापणीच्या दिवसांत तर ठेवूच नका. वनहक्क नियमांप्रमाणे वनहक्काच्या ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सदस्यांची, आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश महिला. हा आकडा नुसता वहीत भरू नका.

मेंढा (लेखा) बद्दल तुम्ही ऐकलं असेलच. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं गोंडांचं गाव, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं. त्यांना २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाचे नेते देवाजी तोफांच्या हाती दिलं. लोकांना हा प्रसंग आठवतो. पण त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून त्या गावात बहुमताने नाही तर सर्वसहमतीने निर्णय घ्यायची रीत होती, अभ्यासगट होता, प्रत्येक प्रश्नावर बसून बोलायची सवय होती. एकाचा जरी विरोध असला तरी निर्णय पुढे ढकलायचा. ऐकायला हे संथ वाटतं. पण सर्वांनी मिळून ठरवलेला नियम मोडायला रात्री कोणी सहसा जात नाही.

आता बांबू. तुमच्या तालुक्यात जंगलाचा पैसा म्हणजे मुख्यतः बांबू. कायद्याने बांबू गौण वनोपज आहे, वाहतूक परवाना देण्याचा अधिकार २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामसभेच्या समितीला आहे. पण तोडायचा कसा हे पहिल्याच वर्षी पक्कं करा. या वर्षीचे कोंब आणि मागच्या वर्षीचे कवळे बांबू कापायचे नाहीत. रांजीच्या, म्हणजे बांबूच्या बेटाच्या, बाहेरचा घेर तोडायचा नाही, आत शिरून जुने काढायचे, आणि जमिनीपासून वीतभर ठेवून कापायचा, बुडातून उपटायचा नाही. बाहेरचा कापायला सोपा म्हणून मजूर बाहेरूनच तोडतो. दर नगावर मजुरी असली की हमखास तोडतो. म्हणून कूपात, म्हणजे तोड चालू असलेल्या भागात, रोज एक जाणतं माणूस पाहिजे, तो शक्यतो बुरड असावा, कारण बांबूचं वय त्याला हात लावून कळतं. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे भाजीसाठीचे कोवळे कोंब, काढणंही ठरवून घ्या, कोणत्या भागातून आणि किती, नाहीतर पुढच्या वर्षीचा बांबू भाजीतच संपतो. जंगलाचे तीन-चार भाग पाडून दरवर्षी एकातच तोड करा.

मोजणीत सगळ्यात जास्त फसवणूक होते. एका गावात मी हंगामाच्या शेवटी हिशेबाला बसले होते. ठेकेदाराच्या मुन्शीच्या वहीत जेवढा माल होता त्यापेक्षा गावाचा अंदाज जास्त होता, पण पुरावा काही नव्हता. तेव्हा एक बाई उठली, बचत गटातली, दुसरीपर्यंत शिकलेली. म्हणाली, माझ्या घरी चला. तिचं घर बांबू रचायच्या पडावाच्या कडेलाच होतं. मागच्या भिंतीवर, शेणाने सारवलेल्या, कोळशाच्या रेघाच रेघा. गाडीत चढलेल्या दर कोडीला, म्हणजे वीस बांबूंना, एक रेघ, आणि गाडी हलली की खाली एक आडवी रेघ. कोणी तिला सांगितलं नव्हतं. आम्ही सगळी मोजली. मुन्शीची वही बारा कोडी कमी निघाली, एकाच गाडीत. ठेकेदाराने पैसे दिले, कारण पन्नास माणसं ती भिंत बघत उभी होती. पुढच्या वर्षी मोजणीची वही तिच्याचकडे गेली. तुमच्या गावातही असं कोणीतरी असतं, त्याला शोधा.

पैसा आला की तो वाटून टाकायचा दबाव येतो, निवडणुकीच्या वर्षी तर फारच. मी एक गाव जवळून पाहिलं ज्याने पहिल्या हंगामाची सगळी रक्कम घरटी वाटली. लोक खूश झाले. पुढच्या उन्हाळ्यात वणवा लागला तेव्हा जाळरेषा काढायला मजुरीचा एक रुपया खात्यात नव्हता, आणि फुकट जायला कोणी तयार नव्हतं. म्हणून आधी जंगलाचा वाटा बाजूला काढा, मग मजुरी, मग गावाचं काम, आणि उरलं तर वाटप. टक्के तुम्ही ठरवा, पण हंगाम सुरू व्हायच्या आधी ठरवा, पैसा डोळ्यांसमोर आल्यावर नाही. जमाखर्च दर महिन्याला ग्रामसभेत वाचायचा आणि समाजमंदिराच्या भिंतीवर लिहायचा. खात्यावर सही करणाऱ्यांत एक महिला हवीच.

तेंदूपत्त्याचं तुमच्या ग्रामसभेला वेगळं ठरवावं लागेल. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये १,००६ हेक्टरचा हक्क मिळाला, आणि त्यांनी तेंदू तोडणंच बंद केलं. कारण स्पष्ट होतं: कवळं पान भरपूर यावं म्हणून खुटकटाई करतात, म्हणजे झुडपं बुडाशी छाटतात, आगी लावतात, आणि झाडाला टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, धरत नाहीत. त्यांच्याकडे बांबू होता म्हणून ते हे करू शकले. तुमच्याकडे भूमिहीन घरं जास्त असतील तर ७० पानांच्या पुड्यावर मे महिन्याचा सगळा बाजार चालतो, त्यांना एकदम नाही म्हणू नका. बंद करायचं तर निदान आग बंद करा. मोह वेचणाऱ्यांसाठीही तेच. झाडाखालचा पाचोळा पेटवण्याऐवजी झाडून गोळा करायचा, ज्याचं झाड त्याची जबाबदारी. आणि तुमच्या भागात वाघ आहेत, तेव्हा उजाडल्याशिवाय मोहाला किंवा पत्त्याला कोणीच जायचं नाही, आणि चार-पाच जण मिळूनच जायचं, हा नियम जंगलासाठी नाही तर माणसांसाठी करा. या भागात दर उन्हाळ्यात मोह वेचताना आणि पत्ता तोडताना माणसं जातात.

वनविभागाशी भांडत बसू नका आणि त्याच्या मागेही जाऊ नका. रात्रीची गाडी सापडली तर हाणामारी नको. गाडीचा नंबर, फोटो, वेळ, पंचांच्या सह्या, मग वनरक्षकाला आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला लेखी, ग्रामसभेच्या शिक्क्यानिशी. पोच घ्या. तीन-चार वेळा पोच घेतली की गस्तीला त्यांचीही माणसं यायला लागतात. चांगले वनरक्षक तर वाटच बघत असतात की गाव पुढे येईल. तुमचा व्यवस्थापन आराखडा मात्र तुम्हीच लिहा, कोणाकडून छापील घेऊ नका. कुठे पाणी अडवायचं, कुठे चराई बंद, कुठे झाडं लावायची नाहीत. तो रोजगार हमीच्या कामांशी जोडता येतो, म्हणजे पहिल्या वर्षी बांबूची वाट बघावी लागत नाही. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला २०१२ मध्ये जेमतेम १९३ हेक्टर उजाड जमीन मिळाली होती. त्या कोरकू गावाने ती राखली, तिथलं सीताफळ शहरात विकलं, आणि लोकांना गावातच काम मिळालं. तुमचं जंगल तर त्यांच्या दुपटीहून मोठं आहे आणि अजून उभं आहे.

खाणीबद्दल किंवा मोठ्या प्रकल्पाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून थोडक्यात. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. तो नकार टिकला, कारण कोणत्या डोंगरावर कोणता देव, कोणता झरा, हे लोकांना सभेत उभं राहून सांगता आलं. तुमच्या ठराव-वहीत आज जे लिहाल ते उद्या तुमच्या कामाला येईल. कोरी वही घेऊन कोणाशीच लढता येत नाही.

तुम्हाला आता काय करायचं ते सांगते. दिवाळीनंतर धान निघालं की शीव चालण्याचा दिवस धरा. शेजारच्या प्रत्येक गावाच्या पाटलाला आणि सरपंचाला स्वतः जाऊन निमंत्रण द्या, चिठ्ठी पाठवू नका. मोळीवाल्या बाया, गुराखी आणि सगळ्यात म्हातारी दोन माणसं सोबत पाहिजेतच. त्यांना चालवत नसेल तर बैलगाडी न्या, जिथवर जाते तिथवर. वही, नकाशा, पेन आणि एक शाई-पॅड. पट्ट्याची मूळ प्रत घरी कुलपात ठेवा, सोबत झेरॉक्सच न्या, आणि मूळ प्रत कोणी ‘दोन दिवसांत आणून देतो’ म्हणाला तरी देऊ नका. दोन गावांचे पट्टे असे गेलेले मी पाहिले आहेत, आणि नक्कल काढायला वर्ष गेलं.